चौथ्या मजल्याची जाळी

हैदराबादेत नल्लकुंट्याच्या आमच्या इमारतीतली लिफ्ट जुन्या पद्धतीची होती, दोन जाळ्यांची. एक जाळी लिफ्टला आणि दुसरी प्रत्येक मजल्यावर भिंतीत बसवलेली. आतली वजनाला बांधलेली असल्यामुळे हात सोडला की आपोआप सरकून बंद व्हायची. बाहेरची मात्र आपण ओढायची आणि 'खट' असा आवाज येईपर्यंत दाबायची. तो खट आला नाही तर लिफ्ट जागची हलत नसे. कुणी वरच्या मजल्यावर जाळी अर्धवट लावून गेलं की खालचा माणूस बटण दाबून दाबून थकायचा आणि शेवटी जाळीला तोंड लावून वर ओरडायचा. कुणी तेलुगूत 'गेटु एय्यंडी' म्हणे, कुणी 'जाली बंद करो'. आमच्या घरातून नुसतं 'जाळी!' एवढंच जाई, पण माझ्या आवाजाला इमारतीत मान होता. मी ओरडले की दोन मिनिटांत कुणीतरी धावत येऊन खट करून जायचं.

या लिफ्टची आणखी एक गोष्ट होती. लिफ्ट ज्या मजल्यावर नाही, त्या मजल्याची जाळी कितीही ओढा, उघडत नसे. त्यामुळे जाळी उघडी दिसली म्हणजे लिफ्ट समोर उभी आहे, हे आम्ही न बघताच धरून चालायचो. आतला बल्ब महिन्यातले पंधरा दिवस गेलेलाच असायचा, पण कुणाचं काही अडत नसे. त्या भरवशावर सगळी इमारत एकमेकांना डबे पाठवायची. डबा लिफ्टमध्ये ठेवायचा, जाळी लावायची, हाक मारायची. ज्याचा डबा असेल तो आपल्या मजल्यावर बटण दाबून लिफ्ट बोलावून घ्यायचा. संक्रांतीचे तिळगूळ, उगादीची पच्चडी, ईदचा शीरखुर्मा, सगळं असंच वरखाली व्हायचं.

चौथ्या मजल्यावर काकू राहत. माझ्या त्या कोणी सख्ख्या नव्हेत. इमारतीत मराठी घरं दोनच, दुसऱ्या मजल्यावर आमचं आणि चौथ्यावर त्यांचं, म्हणून त्या माझ्या काकू. मूळच्या नांदेडकडच्या, पण जन्म आणि सगळं आयुष्य हैदराबादेत. त्यांच्या लहानपणी निजामाच्या मुलखाचे तीन तुकडे झाले तेव्हा त्यांचे चुलते ऑफिसबरोबर औरंगाबादेला गेले आणि वडील इथेच राहिले. ती गोष्ट त्या अशी सांगत की जणू परवाच घडली आहे. आता म्हातारपणी पुन्हा राज्याची वाटणी झाली. मुलगा आणि सून दोघंही सरकारी नोकरीत. सून गुंटूरकडची, तिच्या वाट्याला तिकडचं राज्य आलं, आणि मुलानेही तिकडेच बदली मागून घेतली. ऑफिसं हलली तशी त्यांची घरंही हलली. काकूंच्या समोरच्या फ्लॅटमधले लोकही त्याच वर्षी गेले आणि त्या दाराला कुलूप लागलं. चौथ्या मजल्यावर काकू एकट्या उरल्या.

मुलगा त्यांना न्यायलाच निघाला होता. काकूंनी साफ नाही म्हटलं. माझ्या देखत झालेलं हे बोलणं आहे. मुलगा म्हणाला, "आई, तुझं डोकं ठिकाणावर आहे तोवर राहा. ज्या दिवशी गॅस चालू राहिला, कुलूप विसरलीस, त्या दिवशी मी काही ऐकणार नाही."

"माझं डोकं?" काकू म्हणाल्या. "नांदेडहून निघाल्यावरची सगळी स्टेशनं सांगू का? तूच चुकशील."

आणि त्यांनी खरोखर मुदखेडपासून सुरुवात केली. मुलगा हसला, मीही हसले. करार झाला. त्या घरात राहणं हे काकूंच्या डोक्यावर अवलंबून होतं, हे आम्हा तिघांनाही पक्कं माहीत होतं.

पुढच्या दोन-तीन महिन्यांतच चौथ्या मजल्याची जाळी उघडी राहू लागली.

काकू सकाळी खाली गाडीवरची भाजी घ्यायला जात. दहाच्या सुमाराला लिफ्टने वर येत आणि त्यानंतर लिफ्ट अडकून पडे. मी तेव्हा असोसिएशनची सेक्रेटरी होते. हे पद मला कुणी मानाने दिलं नव्हतं, बाकी सगळ्यांनी अंग काढून घेतल्यामुळे ते माझ्या गळ्यात पडलं होतं. मी खालून ओरडायची. चौथ्यावरून उत्तर नाही. मग गुडघे धरत दोन जिने चढून जायची. काकू दारातच उभ्या असत, नीट नेसलेल्या, केस विंचरलेल्या.

"उघडी राहिली का गं? विसरायले बघ मी हल्ली. हल्लू हल्लू ये, धाप लागली तुला. बैस की जरासं, चहा टाकते."

"काकू, मला घरी शिकवणीची मुलं यायचीत. आधी जाळी लावत जा हो."

"लावते गं बाई. रागवायलीस कशाला?"

कधी मी चहा घेई, बहुतेक वेळा जाळी जोरात आपटून खाली येई. ज्या दिवशी बसायची त्या दिवशी काकू भरभरून बोलत. माझ्या मुलीच्या परीक्षेची तारीख मला आठवत नसे, त्यांना असे. मी लावलेल्या नोटिशीतल्या चुकासुद्धा त्यांनी दोनदा दाखवून दिल्या होत्या. अशी बाई रोज नेमकी दहा वाजता एकच गोष्ट कशी विसरते, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. माझं लक्ष गुडघ्यांकडे होतं.

तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं. तपासणीला कोठी भागातल्या दवाखान्यात जाऊन ते परत आले, तेव्हा लिफ्ट वर अडकलेली. ते अर्धा तास वॉचमनच्या खुर्चीवर पोट धरून बसून होते आणि मी बाजारात गेले होते. रविवारच्या मीटिंगमध्ये त्यांनी सगळ्यांसमोर मला विचारलं, "मॅडम, एका म्हातारीला जाळी लावायला शिकवता येत नाही, तर सेक्रेटरी कशाला झालात?" माझा पारा चढला. त्याच संध्याकाळी मी काकूंच्या मुलाला फोन केला. काकू हल्ली विसरतात, म्हणून सांगितलं. माझ्या मनात काही वाईट नव्हतं असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. पण खरं सांगायचं तर मला तेव्हा कुणावर तरी राग काढायचा होता.

मुलगा त्या दिवसापासून रोज फोन करून आईला आज वार कोणता, तारीख कोणती, असं विचारू लागला. चार दिवसांनी पुन्हा जाळी लावायला वर गेले, तेव्हा काकू मला म्हणाल्या, "माझी परीक्षा घ्यायलाय तो. कुणी काय सांगितलं त्याला, कोण जाणे." मी पायातली चप्पल सारखी करत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी अंबरपेठेच्या आमच्या मेकॅनिकला बोलावलं. साठीकडे झुकलेला, सावकाश काम करणारा माणूस. त्याने चौथ्या मजल्याच्या कुलपाची पेटी उघडून मला दाखवली. जाळी पूर्ण लागली की एक लोखंडी जीभ आत जाते, तिच्यामागचं बटण दाबलं जातं, आणि मगच करंट पुढे जातो. मी विचारलं, हे बटण काढून टाकलं तर? जाळी उघडी असली तरी लिफ्ट चालेल ना?

त्याने पेटीवरचा हात काढला. "चलती. पन ये काम नक्को बोलो मॅडम. ये जान का लॉक है."

"आठ दिवसांपुरतं करा. मी त्यांना समजावते, मग काढून टाका."

"आपच समजाव ना पैले. मय कायकू तार डालूं?"

मी ऐकलं नाही. सेक्रेटरी मी आहे, जबाबदारी माझी, असं तावातावाने म्हणाले. त्याने एक वीतभर तार काढली, बटणाच्या दोन टोकांना जोडली आणि पेटीचं झाकण लावलं. जाताना म्हणाला, "आठ दिन हां. मय गिनता." आणि तो जिन्याने उतरून गेला. मी मात्र लिफ्टने उतरले, खुशीत.

त्या आठवड्यात लिफ्ट एकदाही अडकली नाही. जाळी उघडी राहत असेलही, पण आता बटण दाबलं की लिफ्ट निमूट खाली यायची. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी मला नमस्कार केला. काकूंना समजावायला वर जायचं तेवढं राहून गेलं. आठ दिवसांत मी चौथ्या मजल्यावर एकदाही गेले नाही आणि ते माझ्या लक्षातही आलं नाही.

नवव्या दिवशी सकाळी मला पोस्टात जायचं होतं. दुसऱ्या मजल्यावर बटण दाबलं, लिफ्ट वरून आली. आत शिरले, जाळ्या लावल्या आणि खालचं बटण दाबलं. लिफ्ट पहिल्या मजल्याच्या आसपास असेल तेव्हा वर काहीतरी किंचाळल्यासारखं झालं आणि लगेच माझ्या डोक्यावर, लिफ्टच्या छतावर, प्रचंड आवाज करून काहीतरी आदळलं. पत्रा हादरला. मग वरून दुसरं काहीतरी घरंगळत भिंतीला आपटत खाली गेलं.

मला त्या क्षणी कळलं. वरची जाळी उघडी आहे आणि लिफ्ट तिथे नाही. ती मी खाली आणली आहे.

"काकू!" मी ओरडले. उत्तर नाही. जिच्या आवाजाला इमारतीत मान होता तिला दुसऱ्यांदा ओरडायला आवाजच फुटेना. खाली पोचल्यावर मी जाळी भलत्याच बाजूला ओढत राहिले. छताकडे बघायची हिंमत झाली नाही. चार जिने मी कशी चढले ते मला आजही आठवत नाही. गुडघे होते की नव्हते, देव जाणे.

काकू जाळीच्या तोंडाशी जमिनीवर बसल्या होत्या. डाव्या हाताने त्यांनी बाहेरच्या जाळीची पट्टी घट्ट पकडली होती, बोटं पांढरी पडली होती. एक पाय मजल्याच्या अगदी कडेला होता आणि त्या पायात चप्पल नव्हती. मी त्यांना काखेत हात घालून मागे ओढलं. भिंतीला टेकवलं. त्यांचा देह इतका हलका लागला की मला रडू कोसळलं.

धाप बसल्यावर त्या बोलल्या.

"तू आठ दिवस फिरकली नाहीस. म्हटलं, रागावली. धपाटे केले होते तुझ्यासाठी, डबा ठेवायला आले. जाळी तर उघडीच होती गं. आतली सरकवायला हात घातला, तर हाताला काही लागेचना. डबा गेला. मी पण गेलेच होते."

मी त्यांचा हात धरून होते. आता सांगायचं, असं मनाशी म्हणत होते. शब्द जिभेवर आले होते.

"जाळी उघडी म्हणजे लिफ्ट असती ना गं?" त्यांनी विचारलं. "का नसती? मीच काही उलटंपालटं समजायले का? इतकी वर्षं मी इथं चढते उतरते. मला कसं कळलं नाही?"

त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. एका वाक्याचं काम होतं. काकू, तुमचं काही चुकलं नाही, तार मी घालायला लावली. एवढंच. पण खालून वॉचमन आणि तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ जिन्याने वर येत होते, आणि मी घाबरले. मीटिंग दिसली, पोलीस दिसले, मेकॅनिकचे शब्द आठवले. मी म्हणाले, "होतं असं कधी कधी, काकू. तुम्ही आधी पाणी प्या."

दुपारी मेकॅनिकला बोलावून मी तार काढून घेतली. तार त्याने माझ्या हातावर ठेवली आणि गेला. त्यानंतर आमच्या इमारतीचं काम त्याने कधीच घेतलं नाही.

मुलाला फोन काकूंनी स्वतः केला. "ने मला," म्हणाल्या. "माझ्या डोक्याचा आता भरवसा नाही." पंधरा दिवसांनी तो आला तेव्हा त्यांनी वाद घातला नाही. त्या पंधरा दिवसांत त्या खरोखरच बदलल्या होत्या. गॅस बंद आहे का हे चारचारदा बघत. मी नांदेडची स्टेशनं काढली, तर मुदखेडच्या पुढे थांबल्या आणि म्हणाल्या, "नको, चुकेन." मी रोज वर जात होते, रोज बसत होते, चहा घेत होते. रोज ठरवून जात होते आणि रोज न सांगता खाली येत होते.

निघायच्या दिवशी मुलगा सामान घेऊन पुढे उतरला. काकू आणि मी लिफ्टपाशी उभ्या होतो. त्यांनी माझा हात हातात घेतला.

"एक सांगू? रागवू नको. आधी ती जाळी मी मुद्दाम उघडी ठेवायचे."

मी त्यांच्याकडे वळले.

"उघडी ठेवली की तू चढून यायचीस. चिडायचीस, पण यायचीस. मुलाला कुणी सांगेल, हिचं डोकं फिरलं, ही भीती होतीच. पण सकाळी कुणाचं तरी तोंड दिसायचं." त्या जरा हसल्या. "खोटं खोटं विसरता विसरता खरंच विसरायले बघ. देवानं दाखवलं मला."

"काकू, तसं नाही ते," मी म्हणाले. माझ्याकडून एवढंच झालं. त्यांना ते नेहमीचं समजूत घालणं वाटलं असणार.

आम्ही आत शिरलो. आतली जाळी मी हाताने धरून ठेवली. काकूंनी बाहेरची दोन्ही हातांनी ओढली. खट झालं. त्यांनी पुन्हा दाबून पाहिली, मग पुन्हा एकदा. तरी त्यांचा हात पट्टीवरून निघेना.

"लागली का, तू बघ गं," त्या म्हणाल्या. "माझ्यावर नको सोडू."

मी जाळी हलवून पाहिली.

"लागलीय, काकू," म्हणाले, आणि खालचं बटण दाबलं.