बोटभर उतार

मी राग विसरत नाही. लोक म्हणतात वेळ गेला की माणूस निवळतो. माझ्या बाबतीत वेळ गेला की राग मुरतो. म्हणून शिरूरच्या त्या अलाइनमेंटवाल्याबद्दल लिहिताना मी निःपक्षपाती असेन असं कुणी समजू नये.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी शिरूरजवळच्या एका कारखान्यात क्वालिटी खात्यात होतो आणि गावात खोली करून राहत होतो. घर दौंडला, रेल्वे कॉलनीत. आमचे आबा, म्हणजे वडील, रेल्वेच्या डब्यांच्या दुरुस्तीला फिटर होते, निवृत्तीला वर्षभर राहिलं होतं. मी जुनी जपानी बनावटीची कार घेतली होती. आधीच्या मालकानं ती ऐटीत बुटकी दिसावी म्हणून स्प्रिंगा कापल्या होत्या. त्यामुळे पुढची दोन्ही चाकं वरून आत झुकलेली आणि टायर आतल्या कडेनं खाल्ले जायचे. बाहेरून टायर नवाकोरा, आतून तारा दिसायला लागलेल्या.

हायवेला लागून एका बागायतदाराच्या मुलानं स्वतःच्या उसाच्या कडेला चाकांच्या अलाइनमेंटचं दुकान टाकलं होतं. गाडी उभी करायचा खड्डा, चाकांना लावायची यंत्रं, समोर पडदा. तालुक्यात तसं कॉम्प्युटरचं मशीन तेव्हा त्याच्याकडंच. त्यानं सांगितलं की या गाडीत चाकाचा कल कमीजास्त करायची सोयच कंपनीनं दिलेली नाही, मुंबईहून वेगळे आर्म मागवावे लागतील. आर्म म्हणजे चाकाला वरून धरून ठेवणारा लोखंडी हात. कंपनीचा एकसंध असतो. या नव्याच्या मध्ये आटे होते, दोन्ही बाजूंनी लॉकनट. नट सैल करून मधला भाग फिरवला की हात लांब होतो आणि चाकाचा माथा बाहेर येतो.

आर्म आले, त्यानं बसवले, पडद्यावर सगळं हिरवं झालं. मी हिरव्या मापांचा छापील कागद घेऊन दौंडकडं निघालो आणि न्हावरा यायच्या आत कळलं की गाडी उजवीकडं ओढतीय. उजवीकडं म्हणजे समोरून येणाऱ्या ट्रकच्या अंगावर. परत गेलो, त्यानं परत हिरवं करून दिलं, गाडी परत उजवीकडं. असं तीन वेळा. तिसऱ्या वेळेला म्हणाला की तुमचं स्टिअरिंग धरणंच वाकडं आहे. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या.

चौथ्या वेळेला आबा बरोबर आले होते. वडील, रेल्वेत डब्यांचे फिटर, अशी मी दुकानमालकाला ओळख करून दिली. ते खड्ड्याच्या डाव्या कडेला उकिडवे बसले. तिथं एक भेग होती, तीनदा सिमेंट भरून परत फाटलेली. त्यांनी तिच्यावरून अंगठा फिरवला आणि हळूच म्हणाले, "मशीन बरुबर आसंल. पन जमीन बसलीया डावीकडं. मशीन जमिनीचा उतार गाडीत धरतंय."

दुकानात पाचसहा जण होते, वडापच्या जीपवाले, एक टेम्पोवाला. त्यांच्याकडं बघत मालक म्हणाला, "मामा, तुम्ही आपली डब्याची चाकं ठोका. ही कार हाय." सगळे हसले. आबा उठले, गुडघे झटकले आणि बाहेर जाऊन बाभळीखाली उभे राहिले.

आम्ही दौंडला निघालो. गाडी उजवीकडं ओढत होती आणि मी दात खाऊन ती डावीकडं धरत होतो. चौफुल्याला मी मनाशी ठरवलं की ह्या माणसाचं त्याच्याच दुकानात, तशाच लोकांसमोर हसं झालं पाहिजे. रस्त्यात गाठून दोन शिव्या घालणं मला परवडलं नसतं असं नाही, पण ती गोष्ट फार लवकर संपली असती.

पुढच्या रविवारी क्वार्टरसमोर आम्ही गाडी उभी केली. आबांनी चार चाकांखाली लोखंडी पाट्या ठेवल्या आणि गवंडी पातळी बघतात त्या पाण्याच्या पारदर्शक नळीनं चारही एका पातळीत आणल्या. ह्यातच सकाळ गेली. मग म्हणाले, रिकामी गाडी मोजून काय उपयोग, तू काय हवेत बसून चालवतोस? माझ्या वजनाचं गव्हाचं पोतं ड्रायव्हरच्या जागी ठेवलं. मडगार्डवरून ओळंबा सोडला. रिमची वरची कड दोऱ्यापासून किती आणि खालची किती, हे पट्टीनं मोजायचं. आर्म अर्धा फेरा फिरवायचा, बॉनेट दाबून गाडी हलवायची, पुढंमागं ढकलून पाट्यांवर परत आणायची, परत मोजायचं. कल बदलला की चाकांचं तोंडही बदलतं, म्हणून शेवटी गाडीच्या दोन्ही अंगांनी दोरा ताणून तेही जुळवलं. लॉकनट आबांनी स्वतः आवळले. संध्याकाळी पाटसच्या रस्त्याला मी स्टिअरिंग सोडलं आणि गाडी रेघेवर चालल्यासारखी सरळ गेली. आबांना आनंद झाला होता. मला मात्र आता फक्त हत्यार मिळालं होतं.

मी पंधरा दिवस थांबलो. चौकशी केली तेव्हा समजलं की त्या जागी पूर्वी ह्यांचीच विहीर होती. पाणी आटल्यावर राडारोडा टाकून बुजवली आणि हायवेला तोंड हवं म्हणून दुकानाचा खड्डा तिच्याच कडेवर घेतला. उजवं अंग घट्ट जमिनीवर, डावं विहिरीवर. गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्याला ते ठाऊक होतं. पण बागायतदाराच्या मुलाला कोण सांगणार?

बाजारचा दिवस निवडला. दुकानात रांग होती. त्यानं माझी गाडी मशीनला लावली आणि पडदा लाल झाला. कुणी हात लावला म्हणून विचारलं. वडिलांनी, मी म्हणालो. तो इतका हसला की त्याला डोळे पुसावे लागले. मी त्याला पोटभर हसू दिलं. मग डिकीतून ती गवंड्याची नळी काढली. पाण्यात गुलाल कालवून आणला होता, लांबून दिसावं म्हणून. एक टोक रांगेतल्या जीपवाल्याच्या हातात दिलं आणि उजव्या चाकाशी धरायला सांगितलं. दुसरं मी डाव्या चाकाशी धरलं. पाणी डोललं आणि थांबलं. जीपवाल्याकडं पाणी जमिनीपासून जितकं वर होतं, त्याहून माझ्याकडं चांगलं बोटभर जास्त होतं, म्हणजे डावी जमीन तेवढी खाली. खाली बुजवलेली विहीर आहे, एवढंच मी म्हणालो; बाकी समजावून सांगायची गरज पडली नाही. जीपवाला म्हणाला, "म्हंजी माझं टायर तुमच्या ह्या विहिरीनं खाल्लं व्हय?"

मालकाच्या तोंडचं पाणी पळालं. मी मोठ्यानं विचारलं, "आता हसा की. डब्यावाल्याला काय कळतं कारमधलं?" रांगेतल्या दोन जीपा तिथूनच मागं फिरल्या. त्या दिवशी मी स्टँडसमोर दोन प्लेट भजी खाल्ली, इतकी भूक मला महिनाभर लागली नव्हती.

तेवढ्यावर मी थांबलो नाही. ही गोष्ट मी न्हाव्याकडं सांगितली, कारखान्याच्या कँटीनमध्ये सांगितली, चहाच्या प्रत्येक टपरीवर सांगितली. पावसाळा संपेपर्यंत त्याचा खड्डा ओस पडला. कामावर जाताना मी तिथं मुद्दाम गाडी हळू करायचो. तो खुर्ची टाकून बसलेला असायचा. मला बरं वाटायचं. अजूनही आठवलं की बरं वाटतं.

दिवाळीच्या आधी एका रविवारी दौंडला गेलो तर आबा घरी नव्हते. आई म्हणाली तीन दिवस झाले, रजा टाकून पहिल्या एस.टी.नं शिरूरला जातात. संध्याकाळी ते आले, पायजम्याला सिमेंट लागलेलं. तो दुकानवाला घरी येऊन पाया पडला होता. आबांनी त्याचा खड्डा डाव्या अंगानं खणून काढला, मुरूम-खडी ठोकून भरून घेतली, वर पाट्या बसवून पातळी करून दिली. हे सगळं त्यांनी मला पाणी पितापिता सांगितलं.

माझं डोकं फिरलं. म्हणालो, तुमच्यासाठी मी सहा महिने त्याच्या मागं लागलो, त्यानं चारचौघांत तुमचं हसं केलं होतं आणि तुम्ही त्याचं दुकान उभं करून देता?

आबांनी तांब्या खाली ठेवला. "त्याच्या हसण्याचं मला न्हाई लागलं. त्यो परका हाय," ते म्हणाले. "त्या दिवशी तू बी हसलास."

खरं होतं. सगळे हसले असं मी वर लिहिलंय, त्या सगळ्यांत मी होतो. हातात त्याचा हिरवा कागद होता आणि त्याला वाईट वाटू नये म्हणून मी हसलो होतो. ही गोष्ट मी शिरूरभर सांगितली, पण एवढं एक वाक्य कुठंच सांगितलं नाही. आबांनी ते परत कधी काढलं नाही. त्या दुकानवाल्याला मी अजूनही माफ केलेलं नाही. त्याच्यावरचा राग सोडला, तर तो कुणावर काढायचा हे मला ठाऊक आहे.