घड्याळानंतरची लाल पेन्सिल

कुसुमताई गेल्याचा फोन शेजाऱ्यांकडे आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. उरलेल्या दोन भाजल्या, गॅस बंद केला आणि घाटकोपरहून मुलुंडला निघाले. माझ्या या थोरल्या नणंदेला माझ्या उरकाचं नेहमी हसू यायचं. आज महिना झाला...

त्या मुलुंडच्या एका केंद्रात मुलांच्या बुद्धीची चाचणी घ्यायच्या. पाच वर्षांपूर्वी, माझी नीलू आठ वर्षांची असताना शाळेने कळवलं, मुलगी मंद आहे, दुसऱ्या शाळेत घाला. मलाही ते पटत चाललं होतं. भेंडी हवी की बटाटा, एवढं सांगायला तिला पाच मिनिटं लागायची. ताईंनी तिला केंद्रात बोलावलं. "आत्या असले तरी सूट देणार नाही," हे आधीच बजावलं. मी मागे बसून पुटपुटत होते, "पटकन, नीलू, पटकन."

"सुमन, तू बाहेर बस गं. परीक्षा तुझी नाहीये."

मी दाराबाहेरच्या बाकावरून बघत राहिले. स्टॉपवॉच थांबलं तेव्हा निम्माच कागद झाला होता. ताईंनी तिच्या हातातली काळी पेन्सिल घेतली आणि लाल दिली. "आता सावकाश कर." नीलू आणखी पाऊण तास बसली. लाल पेन्सिलीचं एकही उत्तर चुकलं नव्हतं.

"म्हणजे शाळा खोटं बोलते?" मी विचारलं.

"खोटं नाही. तिला वेळ लागतो, तेही मी लिहिणार. रस्ता ओलांडताना वेग लागतोच ना! पण वेळ लागतो म्हणजे कळत नाही, असं कोणी सांगितलं? वेळेतला आणि वेळेनंतरचा, मी दोन्ही आकडे देते."

मग मोठ्यांचा एक कागद त्यांनी माझ्यापुढे सरकवला. मी वेळेआधीच संपवून ऐटीत परत दिला.

"झकास! शेवटची तिन्ही चूक." ताई हसल्या. मीही हसले, जरा उशिरानं...

दोन्ही आकडे पाहून शाळेने नीलूला वर्षभरासाठी ठेवून घेतलं. ती अजून तिथेच आहे, आठवीत. पेपर आजही अर्धवट राहतात, पण लिहिलेलं बरोबर असतं.

परवा ताईंचं टेबल आवरताना पेन्सिलींचा डबा सापडला. काळ्या बऱ्याच लांब होत्या, लाल मात्र झिजून अंगठ्याएवढ्या झालेल्या. डबा मी घरी आणला, नीलूसमोर उघडून ठेवला. एक लाल पेन्सिल निवडायला तिने बराच वेळ घेतला. मी भेंडी पुसत थांबले.