गोळीची उन्हाळी सुट्टी

तसा तो पंख्यांचं आणि पाण्याच्या मोटारींचं वाइंडिंग करणारा कारागीर. दिवसभर तांब्याची तार गुंडाळायची आणि गिऱ्हाईक चिडलं की मान खाली घालायची. भाजीवाल्याला "जरा ताजी द्या" एवढं सांगायलासुद्धा तो बायकोला पुढं करायचा. पण विनोदी कार्यक्रमासाठी खोट्या मिश्या डकवल्या, पांढरा कोट चढवला, गळ्यात नळाची रबरी नळी अडकवली, की त्याचा 'डॉक्टरकाका' व्हायचा आणि हॉल डोक्यावर घेतला जायचा. डॉक्टरकाकांना जगातलं सगळं कळायचं. सर्दी झाली? नाकाला नोटीस बजावा. झोप येत नाही? ऑफिसात जाऊन बसा.

"त्या काकांना एकदा घरी पाठवा," बायको म्हणायची. "गॅसवाल्याशी बोलायचंय. तुमच्याच्यानं व्हायचं नाही."

काकांचा हुकमी विनोद बीपीच्या गोळीवर होता. "बिचारी रोज राबते हो! तिला जीव नाही का? उन्हाळ्याची सुट्टी द्या, आजोळी पाठवा!" या वाक्याला लोक खुर्च्यांवरून घसरत. मोबाईलवरही त्याच वाक्याचा व्हिडिओ सगळ्यांत जास्त फिरत होता.

त्या दुपारी तळमजल्यावरच्या मावशीनं त्याला पंखा बघायला बोलावलं. मावशी सख्खी नव्हे, पण सख्खीहून जवळची. त्याची आई कामाला जायची तेव्हा त्याचं नाक पुसण्यापासून पाढे घेण्यापर्यंत सगळं हिनंच केलेलं. शाळेत घंटा देण्यात हिचा जन्म गेला. घड्याळ चुकेल, मावशी चुकायची नाही.

"वाराच लागत नाही मेल्याचा," मावशी म्हणाली.

तो स्टुलावर चढला. पंखा झकास फिरत होता. मग त्यानं खाली बघितलं. मावशीचा चेहरा विटेसारखा लाल झाला होता आणि ती भिंतीला धरून उभी होती.

"डोकं ठणकतंय का गं?"

"डोकं काय, डोळ्यांपुढं काजवेसुद्धा चमकतायत. फुकटात रोषणाई!"

फडताळात गोळ्यांची पाकिटं रचून ठेवली होती. एकही गोळी फोडलेली नव्हती.

"मावशी, या गोळ्या?"

"सुट्टीवर आहेत. मोठ्या सुट्टीवर."

त्याला आधी हसूच आलं. मग तो स्टुलावरून खाली उतरला.

"अगं, तो विनोद होता! गोळी बंद करतात का कुणी?"

"तुला काय कळतंय त्यातलं? तू पंखे बघ. डॉक्टरकाकांनी सांगितलंय."

"डॉक्टरकाका मीच आहे ना!"

"माहीत आहे रे मला. मिश्या तुझ्याच आहेत," मावशी समजुतीनं म्हणाली. "पण डोकं त्यांचं आहे. तुझं डोकं मी लहानपणापासून बघतेय."

त्यानं हात जोडले, रिक्षा आणतो म्हणाला, रागावूनही बघितलं. रागावणं त्याला जमत नव्हतं, हे मावशीला त्याच्यापेक्षा जास्त माहीत होतं. गोळी आत्ता द्यावी की आता दिली तर अजून बिघडेल? गावभर औषधं वाटणाऱ्या डॉक्टरकाकांना एवढंही ठाऊक नव्हतं. तो जिना चढून घरात धावला.

"मिश्या दे! मावशी मरेल गं!"

बायकोनं मिश्या शोधून दिल्या. पण घामानं मिशी चिकटेना. शेवटी तिनं ती त्याच्या नाकाखाली दाबून धरली आणि म्हणाली, "रिक्षा मी थांबवते. तुम्ही फक्त तिला बाहेर काढा."

डॉक्टरकाका तळमजल्यावर आले. "मावशी! दवाखान्यात चला, ताबडतोब!"

मावशी खोखो हसायला लागली.

"थट्टा नाही. जिवाशी गाठ आहे!"

ती आणखी हसली. हसता हसता तिला धाप लागली, लाल चेहरा जांभळट व्हायला लागला. आजवर हसवण्यासाठी त्यानं काय काय केलं होतं. आज हसू थांबवावं कसं तेच त्याला कळेना. आपल्याच विनोदानं माणूस डोळ्यांदेखत जाणार, या भीतीनं त्याच्या तोंडून काकांचा नव्हे, त्याचा स्वतःचा चिरका आवाज निघाला.

"सुट्टी संपली, मावशी! शाळा उघडली! पोरं फाटकाशी उभी आहेत!"

मावशीचं हसू थांबलं. "अगंबाई," ती म्हणाली. तिनं केस सारखे केले, चपला शोधल्या आणि त्याच्या दंडाला धरून ती रिक्षात जाऊन बसली. वाटेत तिचं बोलणं जड व्हायला लागलं. तो तिचा हात चोळत राहिला.

दवाखान्याच्या बाकावर तो तसाच बसला होता, अर्धी मिशी लोंबत. दोन जण त्याला बघून हसले. एकानं फोटोही काढला.

आतून खऱ्या डॉक्टरीणबाई आल्या. "वेळेवर आणलंत. आता ठीक होतील, पण ठेवून घ्यावं लागेल. गोळ्या बंद करायला कुणी सांगितलं विचारलं, तर म्हणतात, बाहेर बसलेत ते." मग त्यांनी त्याला ओळखलं. क्षणभर त्यांना हसू आलं, आणि लगेच मावळलं. "हे आणखी कितीजणांनी ऐकलंय?"

त्यानं खिशातून मोबाईल काढला. बायको शेजारी टेकली. त्या विनोदाखाली लोकांनी लिहिलेलं तो वाचायला लागला. 'हसून हसून पोट दुखलं.' 'काका एक नंबर.' हसणाऱ्या चेहऱ्यांच्या रांगा लागल्या होत्या. त्यांच्याकडे बघून पहिल्यांदाच त्याला हायसं वाटत होतं. हसलाय ना, मग हा वाचला. हाही वाचला. अंगठा खाली सरकत गेला.

एका ठिकाणी तो थांबला. 'धन्यवाद डॉक्टरकाका. आजपासूनच सुट्टी देतो.' बस, एवढंच. पुढं हसरा चेहरा नव्हता.

"गंमत केली असेल हो," बायको म्हणाली, पण तिनंही ते पुन्हा वाचलं.

तो घाईघाईनं लिहायला लागला. 'मी डॉक्टर नाही. पंखे दुरुस्त करतो. गोळी बंद करू नका.' अक्षरं चुकत होती. पाठवलं. मग पुन्हा लिहिलं, 'तुम्ही कुठं राहता?'