कोऱ्या कागदांवरच्या सह्या

आमच्याकडे रोवणा सुरू झाला की कोर्टात कोणी जात नाही. बांधीत पाणी आहे तोवर धान लावून घ्यायचं, तारीख गेली उडत. म्हणून वकिलाकडे आधीच कोऱ्या कागदांवर सह्या करून ठेवायच्या, असा रिवाजच आहे. मायनंही केल्या. करडी गावातल्या वडिलोपार्जित शेतात आपला हिस्सा मिळावा म्हणून तिनं मामावर दावा लावला होता. तिला बोडीच्या पाण्याजवळच्या बांध्या हव्या होत्या, बस.

धान कापणीला आलं तेव्हा कळलं, दावा संपलासुद्धा. आमच्याच वकिलानं मायच्या सहीवर तडजोड लिहून कोर्टात दिली होती: मी भावासाठी हिस्सा सोडते. कोर्टानं तसा हुकूम केला. हा माणूस मामाला कधी जाऊन मिळाला, देव जाणे. ऐकून मला संताप यायला हवा होता. एरवी भाजीवाल्याशीही भांडणारी मी, जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये नुसती बसून राहिले. आत काही हललंच नाही.

माय म्हणाली, "कोर्टानं लिवलं म्हंजे आता आपलं काई नाई ना?"

भंडाऱ्याच्या दुसऱ्या वकीलबाई म्हणाल्या, "फसवून केलेली तडजोड टिकत नाही. पण नवा दावा चालणार नाही. ज्या कोर्टानं हुकूम दिला, त्याच कोर्टात अर्ज करावा लागेल." म्हणजे पुन्हा तोच जिना, तोच बाक.

उलटतपासणीत मामाच्या वकिलानं विचारलं, "सही तुमचीच ना?"

"माहीच हाय. वरचं लिवनं माहं नाई."

त्यानं फिरवून फिरवून विचारलं. तेवढ्यावरून मात्र ती हलली नाही.

हुकूम रद्द झाला. मामाचा चेहरा पाहायची मला फार हौस होती. पाहिला, आणि काहीच वाटलं नाही. शिवाय रद्द म्हणजे शेत मिळालं असं नाही. मूळ दावा जिथं तुटला होता, तिथून पुन्हा सुरू.

वकीलबाईंनी पुढची तारीख सांगितली. मायनं मनात हिशेब केला.

"तवा तं रोवणा राहते, बाई. कोरे कागद द्या, मी सह्या करून जाते."

वकीलबाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या पर्समधला पेन मायनं आधीच काढून घेतला होता.