बाद केलेले निरीक्षण

"तुमच्या लघवीत रक्त नाही. तुमचे स्नायू आहेत," डॉक्टर म्हणाल्या. माझ्या पहिल्या प्रतिक्रियेची मला आजही लाज वाटते. मला ते विधान शास्त्रीयदृष्ट्या ढोबळ वाटले होते.

आजाराचे नाव रॅब्डोमायोलिसिस. अतिश्रमाने स्नायूंच्या पेशी फुटतात. त्यांच्यातले मायोग्लोबिन, म्हणजे प्राणवायू साठवणारे लाल प्रथिन, रक्तात उतरते आणि ते गाळताना मूत्रपिंडांना इजा होते. हे सारे मला पाठ होते. मी जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. केले आहे आणि हडपसरच्या एका कंपनीत लघवीच्या चाचणीपट्ट्यांची गुणवत्ता तपासते.

डायलिसिसच्या रुग्णांची ने-आण करणारी एक गाडी आमच्या भागातली छोटी संस्था चालवते. तिच्यासाठी देणग्या जमवायला मी सिंहगड एका दिवसात चार वेळा चढण्याचे जाहीर केले होते. एकदा चढते म्हटले की लोक 'छान' म्हणतात आणि विसरतात. चार वेळा म्हटले की थांबून ऐकतात.

त्या गाडीने येणारे सुतारकाका मला त्या संस्थेतच भेटले. त्यांनी आयुष्यभर सदाशिव पेठेत सायकलदुरुस्तीचे दुकान चालवले, आणि आता आठवड्यातून तीनदा ते डायलिसिस घेतात. माझा सरावाचा तक्ता त्यांनी चष्मा वर करून वाचला होता. "नाडी, वेग, झोप, वजन. सगळं लिहिलंय. बरं आहे," एवढेच ते म्हणाले.

एप्रिलमधल्या एका रविवारी मी सरावात गड तीनदा चढले. मांड्या दुखू नयेत म्हणून वेदनाशामक गोळी निघण्यापूर्वीच घेतली. सोमवारी मांड्या सुजल्या. मंगळवारी लघवी कोऱ्या चहासारखी झाली.

कामावर गेल्यावर मी स्वतःचा नमुना तपासला. पट्टीवरचा रक्त दाखवणारा चौकोन गडद हिरवा झाला. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र एकही लाल पेशी दिसली नाही. दोन निष्कर्षांत विसंगती होती आणि पट्ट्यांची डबी उघडून बरेच दिवस झाले होते. मी पट्टी सदोष ठरवली, निरीक्षण बाद केले आणि कामाला लागले.

बुधवारी सकाळी धायरीच्या घरचा जिना उतरताना गुडघा मुडपला आणि मी पायरीवर बसले ती उठलेच नाही. मी आईला कारणे समजावू लागले. "विज्ञान नंतर सांग. आधी चप्पल घाल," आई म्हणाली आणि तिने रिक्षा थांबवली.

रुग्णालयात डॉक्टरांनी पट्टीची हकीकत शांतपणे ऐकून घेतली. तो चौकोन रक्तातल्या आणि स्नायूंतल्या लाल प्रथिनात फरक करत नाही. म्हणूनच पट्टी हिरवी आणि पेशी शून्य, हीच या आजाराची खूण असते. "म्हणजे निदान तुम्ही कालच केलंत," त्या म्हणाल्या. "उत्तम. फक्त ते कचऱ्यात टाकलंत."

मग त्यांनी आवाज उतरवला. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचा कचरा, रक्तात साचत होता. "सलाईन भरपूर देऊ. दोन-तीन दिवसांत मूत्रपिंडं सावरली तर ठीक. नाही तर खालच्या मजल्यावर जावं लागेल."

खालच्या मजल्यावर डायलिसिस विभाग होता.

गुरुवारी क्रिएटिनिन आणखी वाढले. पलंगाला टांगलेल्या लघवीच्या पिशवीत तळाशी थोडासा काळपट द्रव होता. मी छताकडे पाहत पडून राहिले. माझ्या तक्त्यात मूत्रपिंडांसाठी एकही रकाना नव्हता.

त्याच दुपारी सुतारकाका डायलिसिस आटोपून वर आले. हाताला ताजी पट्टी होती.

"अहो मॅडम, माझ्यासाठी गड चढा म्हटलं होतं. माझ्या शेजारचा पलंग अडवा असं कोणी सांगितलं होतं?"

मी हसले आणि मांड्यांतून कळ गेली. काकांची नजर पिशवीवर स्थिरावली होती. खडकवासला धरण भरले की लोक पुलावर थांबून पाहतात, तसे ते पाहत होते.

"मला चार वर्षं झाली," ते म्हणाले. "थेंब नाही."

त्या स्वरात हेवा नव्हता, निव्वळ नवल होते. ते खुर्ची ओढून बसले. दर तासाला सिस्टर मापाच्या भांड्यात मोजत आणि काका आकडा विचारत. वीस मिलिलिटर. पंचवीस. चाळीस. "वाढतंय की हो!" ते म्हणाले. गाडीचा चालक बोलवायला आला, तरी ते पुढचा आकडा ऐकूनच उठले.

शुक्रवारी क्रिएटिनिन स्थिरावले. शनिवारी उतरले. पिशवीतला रंग कोऱ्या चहाचा फिका चहा झाला, मग गवताच्या वाळल्या काडीसारखा. मला पाणी आणि मीठ यांखेरीज जवळजवळ काहीच दिले गेले नव्हते. मुठीएवढे दोन अवयव माझी चूक थोडी थोडी करून धुऊन काढत होते. ज्या गाळणीची आकृती मी परीक्षेत रंगीत पेन्सिलींनी काढली होती, ती माझ्या पाठीमागे, माझ्या हुकमाविना, अखंड चालू होती. मी विज्ञान शिकले, पण विस्मय पहिल्यांदा तिथे शिकले.

वाचणाऱ्यांना एवढेच सांगायचे आहे. कष्टाच्या व्यायामानंतर लघवी गडद झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. श्रमापूर्वी वेदनाशामक घेऊ नका, त्याने मूत्रपिंडांवर आणखी ताण येतो. आणि स्वतःच्या शरीराचा पुरावा गैरसोयीचा आहे म्हणून तो बाद ठरवू नका.

देणगीदारांना मी सारे खरे लिहिले आणि मदत परत घेण्याची मोकळीक दिली. काकांनी मात्र अट घातली, "एकदाच चढा, पण सावकाश चालत." डॉक्टरांची परवानगी मिळायला बरेच महिने लागले. थंडीतल्या एका सकाळी मी गड चढू लागले. काका पायथ्याशी संस्थेच्या गाडीत बसले होते. अर्ध्या वाटेवर, आडोशाहून परतताना, काकांचा फोन आला.

"झाली का?" ते एवढ्या मोठ्याने ओरडले की शेजारून जाणाऱ्या बाईंनी वळून पाहिले.

"झाली, काका."

"रंग?"

"गवताच्या काडीसारखा."



"वा," ते हळूच म्हणाले. "मग चढा."