हुपरीकरांचं निनावी विमान

देवदत्त हुपरीकर वायुदलातून निवृत्त झाले आणि चंदीगडलाच चिकटले. जगभरच्या रिकामटेकड्यांचा एक फेसबुक गट होता. विमानं नुकतीच उडायला शिकत होती, त्या काळातले निनावी फोटो तिथे यायचे. ज्या यंत्रांचं सारं आयुष्य शेतात पालथं पडण्यात गेलं, त्यांचं नावगाव हुपरीकर चहा संपायच्या आत सांगत. भाजी आणायला मात्र त्यांना वेळ नसे.

त्यांच्या पत्नी रागिणीबाईंना मिरजेला परतायचं होतं. ते म्हणायचे, "इथली थंडी मानवते." थंडीत ते रजईबाहेर पडत नसत, हा भाग वेगळा.

शेवटी रागिणीबाईंनी पैज लावली. "हे विमान ओळखा. चुकलात तर मुक्काम मिरजेला." भावानं पाठवलेला एक पिवळट फोटो त्यांनी पुढे ठेवला.

हुपरीकर भिंग घेऊन बसले. फोटो गटावर टाकला. एका बेल्जियन गृहस्थांनी मान डोलावल्यावर ते थाटात म्हणाले, "फ्रेंच. पहिल्या महायुद्धाआधीचं. इंजिन दिसत नाही, म्हणजे गुप्त ठेवलंय. चाकं नाहीत, म्हणजे रुळावरून सोडायचे. ढग बघ किती जवळ, चांगलंच उंच गेलेलं दिसतंय."

"आणि आत बसलेली मुलगी?"

"वजन कमी राहावं म्हणून बसवली असणार. तेव्हा करायचे असं."

"ती मी आहे," रागिणीबाई म्हणाल्या. "मिरजेच्या उरुसात. पुठ्ठ्याचं विमान, मागे रंगवलेला पडदा. फोटोवाला म्हणाला, हलू नकोस, पंख निखळतो."

"पण गटानं मान्य केलंय, यार."

"मग गटाबरोबर राहा. मी निघाले."

त्या आत जाऊन खरोखरच बॅग भरू लागल्या. हुपरीकरांनी भिंग पंखांवरून काढून पहिल्यांदाच त्या मुलीच्या तोंडावर धरलं. डाव्या भुवईत खोक होती. तीच खोक रोज सकाळी चहाच्या कपापलीकडे त्यांच्यासमोर बसायची. पंखाच्या दोऱ्या मोजल्या आणि बायको दिसली नाही, या विचारानं त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ते दारात जाऊन उभे राहिले.

"अगं, माझेही दोन स्वेटर टाक त्यात."

"मिरजेत स्वेटर लागत नाही," रागिणीबाई वर न बघता म्हणाल्या आणि बॅगेत त्यांच्यासाठी जागा करू लागल्या.