ड्यूटीवर नशेत

बस स्थानकावर ती गाड्यांच्या घोषणा करायची. एकोणीस वर्षं तेच काम. ड्रायव्हर तिला भोंगा म्हणत, अगदी तोंडावर म्हणत, आणि तीही त्यांचा तिथल्या तिथे समाचार घेई. काचेची एवढीशी खोली, माईक, करकरणारा पंखा आणि गाड्यांच्या वेळांचा तक्ता. अकरा ते सात पाळी. तिचा आवाज असा खणखणीत होता की स्वच्छतागृहात गेलेला माणूसही गाडी चुकली म्हणून तिला दोष देऊ शकत नसे.

बेचाळिसाव्या वर्षी तो आवाज बिघडू लागला. सकाळी ठीक असे. चारच्या सुमारास शब्द नाकातून यायला लागत, पाचपर्यंत जीभ जड होई, आणि सहाच्या गाडीचं नाव ती असं काही उच्चारी की प्रवासी एकमेकांकडे बघून हसत. एकदा तिला फलाटावर एकाच गाडीच्या दोन गाड्या दिसल्या आणि तिने चुकीचा फलाट सांगितला. चाळीस माणसं सामान घेऊन या टोकाकडून त्या टोकाला पळाली.

स्थानकप्रमुख खोलीत आला. दार लावून घेतलं आणि म्हणाला, "तोंड उघडा."

"का?"

"वास घ्यायचाय."

तिने तोंड उघडलं नाही. त्याने नोंदवहीत लिहिलं, 'ड्यूटीवर नशेत', आणि खाली सही केली.

घरी थोरली बहीण होती. दोघींनी लग्न केलं नव्हतं, आईवडिलांमागे दोन खोल्यांत एकत्र राहत होत्या. थोरली शाळेत शिकवायची आणि तिला सगळ्यांचं सगळं आधीच कळलेलं असे. धाकटीचं जेवण अर्ध्यावर राहू लागलं, घास चावता चावता ती हाताने जबडा धरून बसू लागली, तेव्हा थोरलीने गुपचूप तिची पिशवी तपासली. बाटली सापडली नाही, म्हणून कपाट तपासलं.

"काय शोधतेस गं?" धाकटी दारात उभी होती.

"तुला माहीत आहे."

"मला माहीत नाही, ताई. तू तोंडाने बोल."

थोरली बोलली. मग धाकटीही बोलली. त्या दिवसापासून घरात दोन वेगळ्या शेगड्या पेटू लागल्या.

या गोष्टीत मी येतो तो इथे. वैद्यकीय महाविद्यालयाचं माझं शेवटचं वर्ष होतं. बाह्यरुग्ण विभागात रुग्णांची माहिती टिपून घ्यायचं काम माझ्याकडे होतं. ती सकाळी नऊला यायची, रात्रभर झोपून, ताजीतवानी. डोळे, जीभ, हातापायांची ताकद, सगळं मी तपासलं. सगळं ठणठणीत. दुसऱ्यांदा आली, तेव्हाही. तिसऱ्या खेपेला ती माझ्यावर ओरडली, "तुम्ही लोक नुसतं हातोडीने गुडघे बडवता! मी सांगते ते ऐकता का?" मला राग आला. मी केसपेपरवर लिहिलं, 'लक्षणं बनावट वाटतात. मनोविकार विभागाकडे पाठवावं.' हस्ताक्षर चांगलं काढलं होतं, तेच नडलं. तिने ते बाहेरच्या बाकावर बसून वाचलं.

चौथ्यांदा ती आली ती उपचारासाठी नव्हे, मला जाब विचारायला. पाळी अर्धवट सोडून, पाच वाजता. वर्गात सर शिकवत होते. सर म्हणजे मेंदूविकारांचे प्राध्यापक. त्यांना विद्यार्थी आवडत नसत, रुग्ण त्याहून कमी. दार ढकलून ती आत आली आणि सरळ माझ्यासमोर केसपेपर नाचवू लागली.

"बनावट? कोण बनावट? अरे, तुझ्या जन्माच्या आधीपासून—" आवाज नाकात शिरला. पुढचं वाक्य तिने निम्मं गिळलं. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. मी तिला बाहेर न्यायला उठलो.

"बस खाली," सर म्हणाले. "बाईंना भांडू दे."

"मी काय तमाशा आहे?" ती त्यांच्यावर उलटली.

"तमाशाच करायला आला आहात, तर पुरा करा. एक ते शंभर मोजा. मोठ्याने."

"शाळेतली पोर समजलात का?"

"जमत नसेल तर सांगा."

त्यांनी मुद्दाम डिवचलं होतं. ती मोजू लागली, रागाने, एकेक आकडा आमच्या अंगावर फेकत. तिशीपर्यंत आवाज स्वच्छ होता. चाळीशीत आकडे एकमेकांना चिकटू लागले. पन्नाशीनंतर ओठ मिटेनात. सरांनी बोट वर धरलं, "आता डोकं न हलवता इकडे बघत राहा." अर्ध्या मिनिटात तिची डावी पापणी हळूहळू खाली आली. मग उजवीही, थोडी कमी.

सरांनी हातमोज्यात बर्फ भरून आणायला लावला आणि तो डाव्या पापणीवर दोन मिनिटं धरला. काढला तर पापणी वर गेलेली होती. थंडाव्याने ती ताकद काही वेळापुरती परत येते, हे आम्ही पुस्तकात वाचलं होतं. पाहिलं त्या दिवशी.

"हिचे स्नायू दुबळे नाहीत," सर आमच्याकडे वळले. "वापरले की थकतात. विसावा दिला की सुधारतात. मज्जातंतूचा निरोप स्नायूपाशी पोहोचतो, पण तिथे शरीराचेच शिपाई त्याला आत घेत नाहीत. सकाळी नऊला तपासाल तर काय दिसणार? आणि जे दिसलं नाही ते खोटं, असं कुणी शिकवलं तुम्हाला?" मग माझ्याकडे बोट केलं. "तू. काय लिहिलंस ते वाच."

मी वाचलं. सगळा वर्ग ऐकत होता.

"खोडून टाकू, सर?"

"खोडायचं नाही. त्यावर रेघ मार, खाली खरं निदान लिही आणि सही कर. पुढच्या डॉक्टरला कळू दे, कोण चुकलं."

तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. बसल्या जागेवरून, जबडा हाताने वर धरून, ती तुटक तुटक म्हणाली, "तीन वेळा आले होते."

रक्ततपासणीने निदान पक्कं झालं. छातीच्या हाडामागची एक ग्रंथी वाढलेली निघाली, ती शस्त्रक्रियेने काढली. दर चार तासांनी गोळी, जेवणाआधी अर्धा तास, म्हणजे घास चावता येतो. गोळीने पोटात मुरडा येई, त्याबद्दलही तिने आम्हालाच शिव्या घातल्या. सरांनी स्थानकप्रमुखाला पत्र लिहिलं. त्याने नोंदवहीतला शेरा काढला नाही. शेजारी 'वैद्यकीय कारण' असं लिहिलं आणि तिला चौकशीच्या खिडकीत बसवलं. माफी मागितली नाही. तिने त्याच्याशी बोलणं सोडलं. काही हवं असलं तर चिठ्ठी पाठवी.

शस्त्रक्रियेनंतर थोरली दवाखान्यात आली होती. धाकटीने तोंड भिंतीकडे फिरवलं.

दीड वर्षाने तिला ताप आला आणि गल्लीतल्या डॉक्टरने एक इंजेक्शन काढलं. या आजारात काही प्रतिजैविकं श्वासाचे स्नायू लुळे करतात. अशा औषधांची यादी आम्ही दिलेली होती, थोरलीने ती स्वयंपाकघरात चिकटवली होती. इंजेक्शनचं कळताच थोरली धावत गेली, पण सुई टोचून झाली होती. तिने त्या डॉक्टरच्या टेबलावरचे सगळे कागद उधळले, त्यालाच बखोटीला धरून गाडीत बसवलं आणि बहिणीला आमच्याकडे आणलं. तोवर धाकटीला थुंकी गिळता येत नव्हती. नळी घालून श्वास द्यावा लागला. अकरा दिवस.

तेव्हा मी तिथे निवासी डॉक्टर होतो. तोंडात नळी, बोलता येत नाही, तर तिने खुणेने कागद मागितला. मला वाटलं, बहिणीसाठी काहीतरी असेल. होतंही. तिने लिहिलं होतं, 'ताईला घरी जायला सांगा. माझी कपाटं तिने पुन्हा उघडू नयेत.'

मी कागद बाहेर नेऊन दिला. थोरलीने वाचला आणि घडी घालून पर्समध्ये ठेवला.

"हात चालतोय म्हणजे तिचा," ती म्हणाली, आणि बाकावर पुन्हा बसली.

घरी परत जाताना दोघी एकाच गाडीत बसल्या, दोन खिडक्यांकडे तोंडं करून. मी औषधांची पिशवी धाकटीच्या हातात दिली. तिने आतल्या औषधांच्या चिठ्ठीवरचा एकेक शब्द तपासला, माझी सही पाहिली, आणि मग काच वर केली.